मदत हवी: सासऱ्यांच्या सोनचाफ्याचं कलम जगत नाही

नमस्कार मंडळी,

फोंड्याजवळ आमचं घर. विहिरीच्या काठावर सासऱ्यांनी लावलेला सोनचाफा आहे. फूल फिकट पिवळं, पण वास असा की सकाळी खिडकी उघडायची खोटी. पुढच्या मे महिन्यात विहिरीचा कठडा नव्याने बांधायचा आहे आणि त्यात झाड जाणार. घरात यावर बरंच बोलून झालंय, तो विषय इथे नको. मला हाच चाफा पुन्हा लावायचा आहे. बियांचं रोप फुलायला सात-आठ वर्षं घेतं, शिवाय फूल आईसारखंच येईल याची खात्री नाही.

दोन वर्षांपूर्वी लाल गर धुवून ताज्या बिया पेरल्या. (बुलबुलांच्या आधी त्या मिळवणं हेच मोठं काम!) त्यांची पेन्सिलीएवढ्या जाडीची सहा रोपं हाताशी होती. जुलैत त्यांच्यावर पाचर कलम बांधलं, म्हणजे जुन्या चाफ्याची काडी पाचरीसारखी तासून रोपाच्या चिरेत बसवली. काडीची पानं आठ दिवस आधी देठ ठेवून कापली होती. कापायला नवं ब्लेड, बांधायला दुधाच्या पिशवीची पट्टी. सहापैकी पाच कलमं आठवड्याभरात काळी पडली.

सहावं फुटलं. हिरवा कोंब बघून मी पेढे आणायचीच बाकी होते. सासूबाई चष्मा लावून वाकल्या आणि म्हणाल्या, "हो खुंट फुटला गो, कलम न्हय." कोंब गाठीच्या खालून, म्हणजे खुंटातून (खालच्या बियांच्या रोपातून) आला होता. पानं दोन्हींची सारखीच, त्यामुळे मला कळलंच नाही. वरच्या काडीला बोट लावलं तर ती अलगद हातात आली, टोक कोळशासारखं.

गुटीही बांधली होती, म्हणजे झाडावरच फांदीची साल काढून मुळं फुटायला तिथे ओलं शेवाळ गुंडाळलं होतं. तीन महिन्यांनी सोडली तर शेवाळ ओलं, मुळाचा पत्ता नाही.

सहाही खुंट अजून जिवंत आहेत. चवथ झाली, पाऊस ओसरतोय. आता काही करता येईल, की पुढच्या पावसाची वाट बघू? तोवर झाड नसेल.

---

प्रतिसाद:

ताई, थांबू नका, भेट कलम करा. पाचर कलमात काडी तोडली की तिला पाणी मिळणं बंद. भेट कलमात फांदी आईलाच जोडलेली असते, त्यामुळे ऑक्टोबरच्या उन्हातही तग धरते. खुंटाची कुंडी फांदीजवळ न्या. दोन्हींची साल थोड्या लाकडासकट चार-पाच सेंटिमीटर सपाट तासा, हिरवा थर निदान एका बाजूने तरी जुळवा आणि घट्ट बांधा. तुमची पट्टी ढिली पडून आत पावसाचं पाणी गेलं असणार. कलमाची प्लास्टिक पट्टी आणा. कुंडी एक दिवसही सुकू देऊ नका. अडीच-तीन महिन्यांनी सांध्याच्या वर खुंट छाटा. फांदी मात्र सांध्याखाली आधी अर्धीच कापा, आठ-दहा दिवसांनी पूर्ण. गाठीखालचे कोंब दिसले की खुडायचे. सहाही बांधा, एकावर विसंबू नका.

---

खूप आभार दादा! फांद्या डोक्याच्या वर आहेत, सासूबाईंनी शिडी आत्ताच बाहेर काढली. एक राहिलंच: कुंड्या फांदीला टांगायला सुंभ चालेल, की खाली मचाणच बांधू?