सल्ला हवा: मुलांना स्वतःचं काही घडवता येईल असे गेम

चित्रवाला_अमळनेर:
जय खान्देश मंडळी. मी सातवी-आठवीला चित्रकला शिकवतो. शाळेत दोन जुने लॅपटॉप आणि माऊस आहेत, नेटचा भरवसा नाही. मागच्या महिन्यात चित्र काढायचा एक गेम लावला. कुठलं बटण कशाला, हे सांगण्यातच तास संपला. एका पोरीने माऊस बाजूला सारला आणि वहीत केळीचा घड काढायला घेतला. गुण, लेव्हल काही नको. हात लावताच काही उमटावं, असं सुचवा.

भुसावळचा_भाऊ:
सर, डोळे झाकून टाउनस्केपर घ्या. ओस्कर स्टोलबर्गचा, 2021 चा. पाण्यावर क्लिक केलं की घर उभं राहतं, उजवं क्लिक केलं की निघून जातं. बाजूला रंग निवडायचा, बस. कमान, जिना, छप्पर कुठे लागेल ते गेम स्वतः ठरवतो. माझ्या भाचीने चारही बाजूंनी घरं लावली, तर मधल्या मोकळ्या जागेत आपोआप हिरवळ आली. "मामा, आजीच्या वाड्याचा चौक!" म्हणाली आणि पुढचा तासभर वाडेच बांधत बसली.

धुळेकर_मीनल:
भाऊंशी सहमत. मी छोटे गेम बनवते, म्हणून कंट्रोलबद्दल थोडं सांगते. मुलांना अडवते ती चुकायची भीती. टाउनस्केपरमध्ये चुकीचं क्लिक नसतंच, म्हणून हात मोकळा होतो. 2009 चा फ्लॉवर बघा: कंट्रोलर झुकवला की वारा वळतो, कुठलंही बटण दाबा, वारा सुटतो. पाठ करायला काही उरतच नाही. पण त्याला असा झुकवायचा कंट्रोलर लागतो, म्हणून शाळेसाठी सुचवत नाही.

पण बटणं कमी म्हणजे कल्पना आपसूक वाढते, असं मी मानत नाही. टाउनस्केपरमध्ये देखणेपणाचं बरंचसं काम गेमच करतो. चार तासांनंतर मुलांना बिट्सी द्या, गेम बनवायचं छोटं साधन. फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतं. आठ बाय आठ चौकोनांत चित्र काढायचं आणि त्याचा गेम करायचा. खेळायला फक्त बाणाच्या कीज. चौसष्ट चौकोनांत कानबाईचा नारळ (आपल्या खान्देशात नथ-डोळे लावून देवी म्हणून पुजतात तो) ओळखू यायला हवा असेल तर नथ ठेवायची की डोळे, हे पोरांनाच ठरवावं लागतं. खरी चित्रकला तिथे होते.

चित्रवाला_अमळनेर:
मीनलताई, नारळाचं फार आवडलं. पण नेट नसताना मुलांनी केलेले गेम दुसऱ्या लॅपटॉपवर कसे दाखवू?

धुळेकर_मीनल:
तयार गेम एकाच एचटीएमएल फाइलमध्ये उतरतो. पेन ड्राइव्हवर घ्या आणि ब्राउझरमध्ये उघडा, नेट लागत नाही. आधी आलेखाच्या वहीत काढून घ्या, म्हणजे दोन लॅपटॉपवर अख्खा वर्ग निघेल.

चित्रवाला_अमळनेर:
आलेखाच्या वह्या शाळेत आहेत. सोमवारी पहिला तास आठवीचा, नारळापासूनच सुरू करतो. पोरांनी काय काढलं ते इथेच टाकेन.