पांढरी शेवंती जपानी पाहुण्यांना दिलेली चालते का?

परळची_पोर
मंडळी, जरा अर्जंट आहे. ऑफिसात (लोअर परळ) बुधवारी जपानहून दोन पाहुणे येतायत आणि फुलांचं काम माझ्या गळ्यात पडलंय. आज सकाळी दादरला उतरून फूलबाजारात गेले, पांढरीशुभ्र शेवंती काय आली होती म्हणून सांगू, टोपल्याच्या टोपल्या, हात लावला तर गार ओली, म्हटलं हीच, आणि सॅम्पल म्हणून अर्धा किलो उचलली पण. ऑफिसात दाखवली तर एक कलीग म्हणतो, अगं वेडी का, तिकडे ही मयताला वाहतात! पण मी तर ऐकलंय त्यांच्या पासपोर्टवरच शेवंती असते, मग ती अशुभ कशी? आपण तर गणपतीपासून सत्यनारायणापर्यंत सगळीकडे घालतो. कोणाला नक्की माहितीय का?

ओसाका_रिटर्न
कलीग बरोबर आहे, पण अर्धाच. शेवंती तिकडे राजघराण्याचं चिन्ह, १६ पाकळ्यांची. राजाच्या चिन्हात मागून पाकळ्यांची दुसरी ओळ डोकावते, पासपोर्टवर एकेरी असते. ५० येनच्या भोकवाल्या नाण्यावर पण शेवंतीच. म्हणजे फूल मानाचं आहे, घोळ पांढऱ्याचा आहे. अंत्यविधीला, घरातल्या पूर्वजांच्या देव्हाऱ्यात, कबरीवर पांढरी-पिवळी शेवंती जाते. माझी फजिती सांगतो, नवीन होतो तेव्हा सुपरमार्केटमधून स्वस्तातला तयार गुच्छ घेऊन घरमालकीणबाईंकडे गेलो, त्यांनी हसून घेतला आणि सरळ नवऱ्याच्या फोटोपुढे ठेवला. नवरा वारलेला. नंतर कळलं तो गुच्छ मिळतोच त्यासाठी 😅

अजून एक गंमत, शेवंतीचा त्यांचा सण ९ सप्टेंबरला असतो पण तेव्हा ती फुललेलीच नसते. मूळ चीनचा सण, नवव्या चांद्रमहिन्याची नववी तिथी, शेवंतीची दारू प्यायची, टेकडीवर चढायचं. जपानने १८७३ ला इंग्रजी कॅलेंडर घेतलं, आकडा तोच ठेवला आणि सण महिनाभर अलीकडे आला. चीनमध्ये अजून तिथीनेच करतात, २०२३ ला तर तो आणि आपली खंडेनवमी एकाच दिवशी आली होती, २३ ऑक्टोबर.

वसईचा_बावतीस
फ्रान्समध्ये पण तेच बरं का, १ नोव्हेंबरला कुंड्याच्या कुंड्या कबरीवर नेऊन ठेवतात, तिकडे कोणाच्या घरी जेवायला जाताना शेवंती नेली तर झालंच. आमच्या घरी २ नोव्हेंबरला आजीच्या थडग्यावर मेणबत्त्या आणि मिळेल ते फूल, शेवंती झेंडू काहीही. पण म्हणून कोणी शेवंतीला मयताचं फूल म्हणत नाही, उरलेली आई घरी आणून अल्तारावर ठेवते.

गिरगावच्या_काकू
अगं आपल्याकडे तरी काय वेगळं, मयताच्या अंगावर शेवंतीचे हार असतातच की, फक्त आपण फुलाला दोष देत नाही. मला शेवंती म्हटलं की वेणीच आठवते. आमच्या सासूबाई केळीच्या सोपाचा धागा पाण्यात भिजवून ठेवायच्या, सुका असला की तुटतो, आणि देठ जेमतेम बोटाच्या पेराएवढा ठेवून अशा काही आवळायच्या की वेणी दुसऱ्या दिवशीपण टवटवीत. मार्गशीर्षातल्या गुरुवारी कलशाला वेणी हवीच, आणि त्या आठवड्यात भाव ऐकून चक्कर येते ते वेगळं. ही बाई फुलतेच रात्री मोठ्या व्हायला लागल्या की, म्हणून शेतकरी शेतात रात्रीचे बल्ब लावून तिला थोपवून धरतात आणि भाव असेल तेव्हा फुलवतात. पांढरी नको तर पिवळी दे, हळदीसारखी, शुभ दिसते.

ओसाका_रिटर्न
काकू पिवळी नको ओ, वर लिहिलंय बघा, तीपण त्यातच येते. सरळ सोनचाफा द्या, वास घेऊन खूश होतील. नाहीतर दाराला झेंडूचं तोरण लावा, काही प्रश्नच नको.

परळची_पोर
सोनचाफा फायनल, थँक्यू सगळ्यांना 🙏 बॉसला पासपोर्टचं सांगितलं तर म्हणे मग शेवंतीच ठेवू ना, त्याला घरमालकीणबाईंची गोष्ट वाचून दाखवली तेव्हा गप्प बसला. आणि ते अर्धा किलो घरी आणलं तर आईने काही न विचारता वेणी करायला घेतलीय, काकू केळीचा सोप नाहीये, साधा दोरा चालेल ना?

गिरगावच्या_काकू
चालेल, पण ओला करून घे.