बाळ दीड महिन्याचं, पाजलं की दूध टाकतंय आणि संध्याकाळी तीन-चार तास रडतंय, माझं दूध बाधतंय का?

निळाई_२१

नमस्कार, इथे पहिल्यांदाच लिहितेय. माझा मुलगा परवा सहा आठवड्यांचा झाला, पहिलंच बाळ, नॉर्मल डिलिव्हरी, जन्माचं वजन २.९ किलो. सध्या माहेरी आहे, मिरजेजवळ गावात. फक्त अंगावरचं दूध चालू आहे, वरचं काहीच नाही. पाजलं की पाच-दहा मिनिटांत दूध टाकतो, कधी पातळ जसंच्या तसं, कधी दह्यासारखं फुटलेलं, दोन-तीनदा नाकातूनपण आलं तेव्हा माझे हातपाय गळाले. दिवसात आठ-दहा वेळा तरी होतं, दुपटी पुरत नाहीत. आणि संध्याकाळी सहा वाजले की जे रडायला लागतो ते साडेनऊ-दहापर्यंत, पाय पोटाशी ओढून घेतो, चेहरा लालबुंद, मुठी आवळलेल्या, मग गॅस सुटला की जरा शांत होतो की परत सुरू. शी दिवसातून सहा-सात वेळा, पिवळी पातळ, पण अधूनमधून हिरवट फेसाळ असते.

आई म्हणते तू काहीबाही खाल्लंस म्हणून दूध बाधतंय, म्हणून डाळ, पालेभाजी, फळं सगळं बंद केलंय, नुसता मऊ भात आणि तूप, भाकरी दुधात कुस्करून. शेजारच्या काकू म्हणतात तुझं दूधच पातळ आहे, पावडरचं चालू कर. सासूबाई रोज फोनवर विचारतात घुटी का देत नाही. मालिशवाल्या मावशी बेंबीला हिंग लावतात, टाळू भरतात, नाकात तेलाचा थेंब सोडतात. प्रत्येकजण वेगळं सांगतंय आणि बाळ रडायला लागलं की सगळे माझ्याकडे बघतात. रात्री पाजताना मलाच रडू येतं. कुणाच्या बाळाला असं झालं होतं का, काय केलं?

ओवीची_आई

अगं आधी एक कर, वजन सांग. माझ्या लेकीचं सेम होतं, मी डॉक्टरांकडे ओली दुपटी घेऊन गेले होते दाखवायला आणि त्यांनी दुपटी बाजूला ठेवून बाळाला काट्यावर ठेवलं. वजन नीट वाढत असेल तर टाकलेल्या दुधाचं मोजमाप करायचं नाही असं म्हणाले. आणि घरी जाऊन एक चमचा दूध दुपट्यावर ओतून बघा म्हणाले. खरंच ओतलं, केवढा मोठा डाग पडला, वाटीभर सांडल्यासारखा, मग कुठे जीव भांड्यात पडला.

कारण असं सांगितलं की अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथली झडप या वयात सैलच असते, त्यात बाळ दिवसभर आडवं आणि पोटात फक्त दूधच दूध, म्हणून थोडं दाबलं गेलं की वर येतं. साधारण चौथ्या महिन्यापर्यंत वाढतं, मग बाळ बसायला लागलं, घट्ट खायला लागलं की कमी होत जातं आणि बहुतेकांचं वर्ष-दीड वर्षात थांबतं. माझीचं दहाव्या महिन्यात थांबलं. पाजून झालं की वीसेक मिनिटं खांद्यावर उभं धर, ढेकर काढ, लगेच मालिश-आंघोळ नको, लंगोट पोटावर आवळून बांधू नको. झोपवताना मात्र पाठीवरच, सपाट. दूध टाकतो म्हणून डोक्याखाली उशी देऊ नको, मान वाकून श्वास अडकायची भीती असते.

कऱ्हाडचा_बाबा

ताई, वरचं सगळं बरोबर आहे, फक्त माझा अनुभव सांगतो कारण आमच्यावेळी हेच "सगळी बाळं टाकतात" ऐकून आम्ही पाच-सहा दिवस घालवले. मुलगा चार आठवड्यांचा होता. सुरुवातीला थोडं थोडं टाकायचा, मग एकदम कारंज्यासारखं, मांडीवरून दोन-तीन फूट लांब जमिनीवर. आणि उलटी झाली की लगेच परत भुकेला, हपापल्यासारखा प्यायचा, परत सगळं बाहेर. गावातल्या दवाखान्यातून दोनदा थेंब देऊन परत पाठवलं. लघवी दिवसात दोन वेळावर आली, वजन ३.८ चं ३.५ झालं, तेव्हा माझ्या बहिणीने ओढून मोठ्या हॉस्पिटलला नेलं. सोनोग्राफीत दिसलं, जठराच्या खालच्या तोंडाचा स्नायू जाड होऊन वाट बंद झालेली. आधी सलाईन लावून रक्तातले क्षार जागेवर आणले, मग ऑपरेशन, छोटंसंच, आणि दुसऱ्या दिवशी पोरगं आईचं दूध पीत होतं. आज पाच वर्षांचा आहे. हा प्रकार साधारण दोन ते आठ आठवड्यांच्या बाळात होतो, मुलींपेक्षा मुलग्यांत बराच जास्त, त्यातही पहिल्या मुलात जास्त, असं सर्जननी सांगितलं, म्हणून तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही.

एवढं सांगा, दूध तोंडाच्या कडेने ओघळतं का जोरात लांब फेकलं जातं? दिवसात लघवी किती वेळा? आणि उलटीचा रंग कधी हिरवा होता का? हिरवी उलटी झाली तर सकाळची वाट बघायची नाही, आतड्याला पीळ पडलेला असू शकतो, त्या रात्रीच निघायचं.

निळाई_२१

दादा, वाचून पोटात गोळा आला पण बरं झालं सांगितलंत. लांब फेकलं जात नाही, कडेने येतं, कधी ढेकरेबरोबर भसकन खांद्यावर. हिरवी कधीच नाही. लघवी मोजली नव्हती, आज मोजली, नऊ वेळा. वजन आशाताईंच्या वहीत आहे, पाचव्या दिवशी २.७, चौदाव्या दिवशी २.९५, आणि ४२ व्या दिवशी येऊन त्यांनी केलं ते ३.९.

स्टाफ_सिस्टर

मी प्रसूती वॉर्डमध्ये अकरा वर्षं काम करतेय. निळाई, तू दिलेले आकडे बघ, चौदा दिवसांपासून बेचाळीसपर्यंत २८ दिवसांत ९५० ग्रॅम, म्हणजे रोजचे जवळजवळ ३४. या वयात रोज २० ते ३० ग्रॅम वाढलं तरी आम्ही खूश असतो. पहिल्या आठवड्यात वजन उतरणं आणि दोन आठवड्यांत परत जन्माच्या वजनावर येणं हे तर सगळ्यांचंच. तुझं दूध पातळ नाही आणि कमीपण नाही, आज आईला आणि शेजारच्या काकूंना ही वही उघडून दाखव.

आता हिरवट फेसाळ शीबद्दल. तू एका बाजूला पाच मिनिटं आणि मग लगेच दुसरीकडे असं पाजतेस का? सुरुवातीचं दूध पातळ, साखर जास्त, नंतर हळूहळू स्निग्ध येतं. सारखी बाजू बदलली की बाळाच्या पोटात पातळच जास्त जातं, आतड्यात ती साखर आंबते, गॅस होतो, शी हिरवी फेसाची होते. एक बाजू पूर्ण मऊ होईपर्यंत पाजायची, बाळाने स्वतः सोडलं की मग दुसरी द्यायची, नको असेल तर नको. दुसरं म्हणजे पकड. बाळाचं तोंड जांभई दिल्यासारखं मोठं उघडल्यावरच लावायचं, हनुवटी स्तनात रुतलेली, काळा भाग खालच्या ओठाकडून जास्त आत गेलेला, वरून थोडा दिसला तर चालतो. नुसतं बोंडूक तोंडात असेल तर चटचट आवाज येतो, बाळ हवा गिळतं, तुलाही दुखतं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर पकडीचे व्हिडिओ मराठीत आहेत, आईलापण बरोबर बसवून बघ.

संध्याकाळच्या रडण्याला आम्ही कॉलिक म्हणतो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होतं, सहाव्या आठवड्याच्या आसपास सगळ्यात जास्त, म्हणजे तू आत्ता बरोबर त्या टोकावर आहेस, आणि तीन-चार महिन्यांत आपोआप जातं. नेमकं कारण कुणालाच सापडलेलं नाही आणि तुझ्या खाण्यात तर नक्कीच शोधू नका. प्रत्येक रडणं म्हणजे भूक नाही, तासाभरापूर्वी पोटभर प्यायलेल्या बाळाला परत परत लावलं तर ते अजून टाकतं. हातावर पालथं घेऊन, पोट तुझ्या तळहातावर, मान कोपरात, अंधाऱ्या खोलीत फिरव. अगदी सहन होईनासं झालं तर बाळाला सुरक्षित पाठीवर ठेवून पाच मिनिटं बाहेर जा, पण कधीही हलवू-झटकू नका.

डाळ, पालेभाजी, फळं आजपासून सुरू कर. बाळंतिणीला नुसत्या भातावर ठेवणं चुकीचं आहे. नाकात-कानात तेल तर अजिबात नको, ते फुप्फुसात उतरू शकतं, मावशींना स्पष्ट सांग. आणि रडणं कितीही असलं तरी ताप आला, १०० पूर्णांक ४ च्या वर, बाळ प्यायचं बंद झालं, पोट फुगून कडक झालं, शीत रक्त दिसलं किंवा शी पांढरट मातकट झाली, तर त्याच दिवशी डॉक्टर. पांढरी शी लोक दुर्लक्षित करतात म्हणून मुद्दाम लिहिते, त्यात पित्ताची नळी बंद असू शकते आणि ते ऑपरेशन बाळ दोन महिन्यांचं व्हायच्या आत झालं तर फायदा जास्त होतो.

तुझं रात्रीचं रडणंसुद्धा घरात सांग, लपवू नकोस. रोजच तसं वाटत असेल तर १४४१६ ला फोन कर, टेलिमानस, मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, फुकट आहे, मराठीत बोलतात.

कोकणातली_काकू

सगळं वाचलं, पण मला सांगा आमच्या तीन मुलांना घुटी देऊनच वाढवलं ना. मुरडशेंग, हिरडा, वेखंड, जायफळ, सुंठ, हळकुंड, अतिविष, बदाम, खारीक, सहाणेवर आईच्या दुधात मोजून वळसे उगाळायचे, जरा मध. मुरडशेंगेने पोटातली कळ जाते हे पिढ्यान्‌पिढ्या बघितलंय. ग्राइप वॉटर तरी चालतं ना मग?

स्टाफ_सिस्टर

काकू, तुम्ही मायेने देता हे मला माहीत आहे, माझ्या आजीनेही मला दिली. पण सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही, पाणीही नाही, हे आम्ही सांगतो त्याला कारण आहे. वळसा कुणाचा हलका, कुणाचा जोरात, जायफळ जरा जास्त उतरलं की बाळ गुंगतं आणि आपल्याला वाटतं आराम पडला. सहाण, ती मुळं, ओलसर डबा, यातून जंतू जातात आणि ज्या पोटासाठी देतो तेच बिघडतं. जुलाब घेऊन आलेल्या किती बाळांच्या घरी मी सहाणेबद्दल विचारलंय. ग्राइप वॉटर १८५१ मध्ये इंग्लंडमध्ये निघालं, त्यात तेव्हा चक्क दारू असायची, म्हणून बाळं गप्प व्हायची. आता नसते, पण त्याने कॉलिक जातं असंही नाही.

आणि मध वर्षाच्या आत कधीच नाही. मधात एका जंतूचे बीजाणू असू शकतात, मोठ्यांना काही होत नाही, पण तान्ह्याच्या आतड्यात ते वाढून विष तयार करतात आणि बाळ लुळं पडतं. उकळूनही ते मरत नाहीत.

कोकणातली_काकू

मधाचं हे खरंच माहीत नव्हतं. नात चार महिन्यांची आहे, परवाच बोटाने चाटवला. आता काय करायचं?

स्टाफ_सिस्टर

घाबरू नका, चाटवलेल्या प्रत्येक बाळाला होत नाही. महिनाभर लक्ष ठेवा. शी एकदम बंद झाली, दूध ओढायची ताकद कमी झाली, रडण्याचा आवाज बारीक झाला, पापण्या जड, मान सैल, असं काही दिसलं तर लगेच न्या आणि मध चाटवल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा.

कोकणातली_काकू

शी रोज होतेय, ओढूनही पितेय. सुनेला सांगितलं सगळं. बाटली फडताळात वर ठेवली.

अद्वैतमम्मा

थोडं वेगळं, पण कुणाला उपयोगी पडेल. माझ्याकडे दोन महिन्यांचा असताना शीत चिकट आव आणि रक्ताच्या बारीक रेषा यायच्या, बाकी बाळ हसरं. गाईच्या दुधातल्या प्रोटीनची ॲलर्जी निघाली, माझ्या खाण्यातून त्याला जात होतं. डॉक्टरांनी सांगून माझं दूध, दही, पनीर, ताक बंद केलं, कॅल्शियमची गोळी दिली, दोन आठवड्यांत रक्त थांबलं. अंगावरचं पाजणं एक दिवसही बंद केलं नाही. निळाई, तुझ्या वर्णनात रक्त नाही, त्यामुळे तू आपणहून दूध सोडू नकोस.

निळाई_२१

दहा दिवसांनी लिहितेय. वजन ४.२ झालं. पकड चुकतच होती, मी वाकून त्याच्या तोंडात देत होते, आता त्याला जवळ आणते, चटचट आवाज बंद झाला. एकाच बाजूला पूर्ण पाजते, हिरवी शी चार दिवस दिसली नाही. दूध अजून टाकतोच, पाच-सहा वेळा. संध्याकाळचं रडणं आहे, पण आता आई एक तास आणि मी एक तास अशी पाळी लावलीय. व्हिडिओ आईने माझ्यापेक्षा जास्त वेळा बघितला, आणि काल तिने स्वतःच मेथीची भाजी केली. तेल नाकात घालणं बंद. दीड महिन्याची इंजेक्शनं राहिलीत, दूध टाकतोय म्हणून घरी म्हणाले थांब, परवा न्यायचं म्हणतेय. चालेल ना?

स्टाफ_सिस्टर

परवा नको, उद्याच लसीकरण असेल तर उद्याच. दूध टाकतो म्हणून डोस थांबवायचा नसतो. तोंडात द्यायचे थेंब त्याच्या पोटात राहावेत म्हणून अगदी गच्च पाजून नेऊ नकोस, तिथल्या सिस्टरला तो दूध टाकतो हे आधी सांग. इंजेक्शन टोचताना मात्र अंगावर घे, कमी रडतो. आणि दुपटी चार जास्त ने.