बोट बंदरात लागली की तुम्ही काय करता? अनुभव सांगा

टिळकवाडी, बेळगाव: मे महिन्यात चेन्नईहून श्रीलंकेची क्रूझ बुक केलीय, हंबनटोटा आणि त्रिंकोमाली. सोबत सासूबाई, वय 72, गुडघे दुखतात. बंदरात उतरल्यावर बोटवालेच फिरवून आणतात त्या टूरचे दर बघून डोळे पांढरे झालेत, आणि आपली आपण रिक्षा करून फिरायचं म्हटलं तर बोट सुटायची धास्ती. मोठ्या बंदरांचं सगळीकडं मिळतं, असल्या लहान बंदरांचं कोण सांगत नाही. जाऊन आलेल्यांनी सविस्तर लिहा.

निपाणी: त्रिंकोमालीला आम्ही चौघं आपलं आपणच गेलो आणि परत गेलो तरी तसंच जाणार. बंदराबाहेर थ्री-व्हीलरवाले असतात, बसायच्या आधी दर ठरवला, अर्धे पैसे तिथं आणि उरलेले परत आणून सोडल्यावर, त्यामुळं गडी दिवसभर आमच्याबरोबरच राहिला. कोणेश्वराचं देऊळ फ्रेडरिक किल्ल्याच्या आत, समुद्रावरच्या कड्यावर हाय. पोर्तुगीजांनी 1622 साली जुनं देऊळ पाडलं आणि त्याच दगडांनी किल्ला बांधला, हे ऐकल्यावर भिंतीला हात लावताना कसंतरीच झालं. किल्ल्यात हरणं मोकळी फिरतात. आणि कड्याच्या टोकाला एक झाड, त्याला नवसाचे लाकडी पाळणे बांधलेले, वीतभर लांबीचे, काही नवे पिवळेधमक, काही उन्हापावसानं काळे पडलेले. माझी बायको तिथनं हलायलाच तयार नव्हती. टूरच्या बसमधली माणसं फोटो काढून वीस मिनिटांत गेली बघा. सासूबाईंना मोजे घालून न्या, दुपारी फरशी लई तापते.

चिकोडी: मंगळूरचं सांगते. मुंबईहून निघालेल्या बोटीनं गेलो होतो, बोट पणंबूरला लागते. बंदर मालवाहतुकीचं, आत चालत फिरू देत नाहीत, गेटपर्यंत त्यांच्याच बसनं जायचं. आम्हाला कन्नड येतंय म्हटल्यावर टॅक्सीवाला एकदम घरच्यासारखा बोलायला लागला, मग कशाला टूर? मूडबिद्रीची हजार खांबांची बसदी, म्हणजे जैन देऊळ, 1430 ची, कारकळचा बाहुबलीचा पुतळा 1432 चा, 42 फूट. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बसदी लहानपणापासून बघितलेली, तरी मूडबिद्रीच्या खांबांवरनं हात फिरवताना एकसारखा दुसरा सापडेना, आई प्रत्येक खांबापाशी थांबत होत्या.

शहापूर, बेळगाव: घड्याळ सांभाळा! कोतोरला, म्हणजे माँटेनेग्रोत, आमची बोट ग्रीसहून आली होती आणि बोटीवरची वेळ ग्रीसचीच ठेवली होती. मोबाईलनं आपोआप तिथली वेळ घेतली, एक तास मागं. गाव बंदराच्या समोरच, म्हणून टूर घेतली नव्हती, आणि किल्ल्याच्या 1350 पायऱ्या चढून वर निवांत बसलो होतो. वडिलांच्या हातात जुनं एचएमटी, ते त्यांनी बोटीच्या घड्याळाशी लावलेलं, ते म्हणाले अरे चार वाजले की. साडेचारला बोटीत चढायचं होतं. वडिलांना धरून, मुलाला खांद्यावर घेऊन उतरलो, गेटवर पोचलो तेव्हा दोनच मिनिटं राहिली होती. नंतर रात्रभर माझे पाय थरथरत होते.

गोकाक: लक्षद्वीपला आगत्तीत बोट समुद्रात उभी राहते आणि लहान होड्यांनी नेतात. परमिटही लागतं, तेव्हा बोटीकडूनच जावं. आमच्या वेळी लाटा जास्त होत्या, उतरायचंच रद्द झालं, बोटीच्या टूरचे पैसे परत मिळाले. बाहेरून परस्पर ठरवलं असतं तर बुडालेच असते.

खानापूर: मी वास्कोत 11 वर्षं टॅक्सी चालवली, मुरगावला लागलेल्या बोटीचे लई पाहुणे फिरवले, म्हणून दुसऱ्या बाजूनं सांगतो. ओल्ड गोवा, मंगेशी एवढं आरामात होतंय. पण बोट पाचला सुटणार आणि दोन वाजता कुणी म्हटलं कळंगुटला चला, तर मी सरळ नाही म्हणायचो, भाडं गेलं तरी. तेव्हा जुवारीच्या जुन्या पुलावर गाड्या अडकल्या की तास जायचाच. बोटीची टूर असली तर बस अडकली तरी बोट वाट बघते, नाहीतर पुढच्या बंदराला पोचवायची जबाबदारी त्यांची. तुम्ही माझ्या टॅक्सीत असाल तर बोट थांबत नाही. तेव्हा ताई, गावातलं, तासाभराच्या आतलं असंल तर आपलं आपण फिरा, घाट, जंगल, लांबचं देऊळ असंल तर बोटीचीच टूर घ्या. आणि ड्रायव्हरला बोट सुटायची वेळ एक तास आधीचीच सांगा, आम्ही पण गप्पांत विसरतो.

टिळकवाडी, बेळगाव: सगळ्यांना मनापासून धन्यवाद. हंबनटोट्याहून कतरगामच्या देवळाला बोटीच्याच टूरनं जातो, त्रिंकोमाली आपलं आपण. निपाणीच्या दादांचं सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं. त्या जरा वेळ गप्प बसल्या, मग विचारलं, तो पाळणा तिथंच विकत मिळतोय का इथनं न्यायचा? नणंदेच्या लग्नाला नऊ वर्षं झालीत. दादा, तेवढं सांगाल का?