वाढत्या अंगाची होडी : वजनाने हलक्या किशोरवयीनांसाठी शिडाची डिंगी निवडतानाचे अनुभव

धाग्यामागची भूमिका

मुलांचे कपडे, चपला आणि सायकल ‘वाढत्या अंगाची’ घेण्याची आपल्याकडे रीत आहे. माझी मुलगी १४ वर्षांची आणि ४१ किलो वजनाची असताना मी तिच्यासाठी शिडाची होडीही त्याच हिशेबाने घेतली, आणि त्या हिशेबाची किंमत पुढचे सहा महिने तिने मोजली. ती मुंबई बंदरात ऑप्टिमिस्ट चालवत असे. ही सव्वादोन मीटरांहून थोडी लांब, ३५ किलोंची, चौकोनी नाकाची होडी फार गुणी आहे, पण तिच्या स्पर्धांत मूल ज्या वर्षी १५ वर्षांचे होते त्या वर्षअखेरीपर्यंतच उतरता येते, आणि मुलीचे गुडघे तर त्याआधीच हनुवटीला लागू लागले होते. म्हणून मी पूर्वी लेझर म्हटली जाणारी इल्का ही होडी ५.७ चौरस मीटरच्या मधल्या शिडासह वापरलेली विकत घेतली. दोन वर्षांत मुलगी वाढेल आणि मग पुन्हा खर्च नको, एवढाच विचार त्यामागे होता.

ऑक्टोबर ते डिसेंबर सकाळच्या मतलई वाऱ्यात सारे सुरळीत चालले. फेब्रुवारीनंतर सरावाची वेळ दुपारची झाली, खारे वारे १२ ते १४ नॉटपर्यंत (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर) चढू लागले आणि होडी एका दुपारी चार-पाच वेळा उलटू लागली. उलटण्याचे मला काही वाटत नव्हते, कारण ते शिकण्याचाच भाग आहे; परंतु डॅगरबोर्डवर, म्हणजे होडीच्या तळातून पाण्यात उतरणाऱ्या उभ्या फळीवर, उभी राहून, कडेला धरून, सगळे अंग मागे झोकूनही तिच्याने पाण्याने भरलेले शीड वर येईना आणि दर वेळी बचाव नौकेची वाट पाहावी लागे. मार्च संपता संपता रविवारी सकाळी तिच्या पोटात दुखू लागले. त्या पोटदुखीचे कारण समजायला मला लाजिरवाणा उशीर लागला.

ज्यांनी ३५ ते ५० किलोंच्या मुलामुलींसाठी होडी निवडली आहे, त्यांनी मुलाचे तेव्हाचे वजन, पाण्याची जागा, तिथला वारा आणि चुकलेला हिशेब असे सारे मोकळेपणाने लिहावे, ही विनंती.

नवी मुंबई : निवृत्त नौसैनिक, काही वर्षे मुलांचे प्रशिक्षण

पालक मला पहिला प्रश्न होडीच्या लांबीविषयी विचारतात, तेव्हा मी त्यांना शिडाचे क्षेत्रफळ विचारतो. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो; १० नॉटचा वारा १४ नॉट झाला की शिडावरचा भार जवळजवळ दुप्पट होतो, मुलाचे वजन मात्र ४१ किलोच राहते. होडी सरळ ठेवण्यासाठी खलाशापाशी वजन आणि ते कडेबाहेर किती दूर नेता येते हे अंतर, एवढ्या दोनच गोष्टी असतात. हलक्या मुलाला कनिंगहॅम (शिडाची पुढची कड खाली ताणणारी दोरी) आणि किकर (बूम, म्हणजे शिडाच्या तळाचा आडवा दांडा, खाली ओढणारी दोरी) घट्ट ओढून शीड चपटे करायला शिकवता येते आणि शिकवावेच, पण त्यालाही मर्यादा आहे.

इल्काची सोय अशी की सांगाडा (होडीचे मूळ अंग), बूम आणि डोलकाठीचा वरचा तुकडा तोच ठेवून फक्त खालचा तुकडा आणि शीड बदलले की ४.७, ५.७ किंवा ७ चौरस मीटरची होडी तयार होते. सर्वांत लहान शिडासाठीचा खालचा तुकडा आखूड आणि मागे झुकलेला असतो, त्यामुळे शीड लहान होऊनही सुकाणूचा तोल बिघडत नाही. म्हणजे वाढत्या अंगाची होडी घेता येते, पण वाढत्या अंगाचे शीड घेऊ नये. लहान शीड म्हणजे कमीपणा, असे मुलांच्या मनात असते. त्यांना मी सांगतो की भोपाळच्या नॅशनल सेलिंग स्कूलमध्ये शिकलेल्या नेहा ठाकूरने २०२३ साली हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई खेळांत रौप्यपदक मिळवले ते इल्का ४ मध्ये, म्हणजे याच लहान शिडावर.

हैदराबाद : १५ वर्षांच्या मुलाची आई

आमच्या मुलाचे वजन ३९ किलो होते आणि त्याचे मन ट्वेंटीनायनर या दोघांच्या वेगवान होडीवर जडले होते. ट्रॅपीजला, म्हणजे डोलकाठीवरून आलेल्या तारेला, कडेबाहेर लोंबकळणारा सहकारी, रंगीत स्पिनेकर (पुढचे मोठे फुगीर शीड) आणि पाण्यावरून उडत जाणारी होडी हे व्हिडिओत पाहिल्यावर कोणाचे मन जडणार नाही? परंतु तिथे दोघांचे मिळून सव्वाशे किलोंच्या आसपास वजन लागते, म्हणजे त्याला ८५ किलोंचा जोडीदार शोधावा लागला असता. हुसेन सागरवर त्याच्या वयाची मुले इल्का ४ चालवत होती, म्हणून आम्हीही तीच घेतली, आणि हा निर्णय वजनापेक्षा सोबतीच्या आधारावर झाला हे मी कबूल करते. एकट्याने वेगळ्या जातीची होडी चालवणाऱ्या मुलाला आपण हळू जात आहोत की वाराच पडला आहे, हे कळतच नाही. शिवाय सुकाणूची पिन तुटली तर शेजारच्याकडे सुटी पिन मिळते. तलावाभोवती इमारती असल्यामुळे वारा सतत दिशा बदलतो. पावसाळ्यात मुंबईचे समुद्रातले शीडकाम थांबते, तेव्हा इथे ऐन हंगाम असतो आणि झोतही जोरात येतात. अशा वेळी लहान शिडामुळे तो निदान पाण्यावर राहतो.

इंग्लंड : मूळचे नाशिकचे, जलाशयाकाठी राहणारे वडील

या देशात निवड इतकी आहे की माणूस गोंधळून जातो. आमची लेक १३ वर्षांची, ३८ किलोंची होती, तेव्हा आम्ही जुनी टॉपर घेतली. इयन प्रॉक्टर यांनी आखलेली ही ३.४ मीटर लांबीची होडी पॉलिप्रॉपिलीनची असून तिचे वजन ४३ किलो आहे, त्यामुळे मी आणि सौ. मिळून ती मोटारीच्या टपावर चढवू शकतो. शीड ५.२ चौरस मीटरचे असते आणि हलक्या मुलांसाठी ४.२ चे वेगळे मिळते. जोराच्या वाऱ्यासाठी आम्ही दोन्ही ठेवली. सिमेंटच्या उतारावर होडी घासली तरी काळजाचा ठोका चुकत नाही, हा फायदा काटकसरी मराठी मनाला विशेष भावतो. एक गोष्ट मात्र लिहिली पाहिजे : मुलीचे वजन नव्हे, उंची आधी वाढली. ४५ किलोंची असतानाच ती बूमखालून सरकताना अडखळू लागली. आता आमचे लक्ष आरएस एरो या एकट्याने चालवायच्या होडीवर आहे, कारण तिचा सांगाडा अवघा ३० किलोंच्या आसपास आहे आणि शिडे चार मापांत मिळतात. नवीची किंमत पाहून मात्र आम्ही वापरलेलीच शोधत आहोत.

पणजी : मुलगा आणि भाचा यांची जोडी

दोघांच्या होडीचा पर्याय कोणी मांडला नाही म्हणून लिहितो. माझा मुलगा ४३ किलोंचा आणि बहिणीचा मुलगा ६४ किलोंचा, उंच. फोर ट्वेंटी या होडीत सुकाणूवर हलका आणि ट्रॅपीजवर उंच मुलगा चालतो, त्यामुळे मुलाचे कमी वजन ही अडचणच उरली नाही. मांडवीच्या मुखाशी ओहोटीचे पाणी बाहेर पडत असताना समोरून पश्चिमेचा वारा आला की आखूड, उभ्या लाटा उठतात; तिथे एकट्या ४३ किलोंच्या मुलाला इल्कात पाठवायचे धाडस मी केले नसते. पण आमचा हिशेब दुसरीकडेच चुकला. भाच्याची बारावी सुरू झाली, शिकवणीचे वर्ग रविवारीही भरू लागले, आणि होडी आठ महिने ताडपत्रीखाली पडून राहिली. नवा जोडीदार शोधणे नवी होडी शोधण्याहून कठीण आहे, कारण वजनाबरोबर स्वभावही जुळावा लागतो आणि त्याच्या दहावी-बारावीचे सालही विचारावे लागते.

ठाणे : महाविद्यालयीन विद्यार्थिनी

माझे मत थोडे वेगळे आहे. मी ४७ किलोंची असताना ५.७ चे शीड घेतले आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही. आमचा सराव सकाळी होत असे, वारा ५ ते ८ नॉटच्या वर क्वचित जाई, आणि अशा हवेत माझ्याहून १५ किलोंनी जड मुले मागे पडत. भारताची नौकानयनपटू नेत्रा कुमानन ज्या प्रकारात टोकियो ऑलिंपिकमध्ये उतरली तो हाच आहे, याचेही आकर्षण होते. मात्र मी होडी उलटी करून पुन्हा उभी करण्याचा सराव उथळ पाण्यात वीस-पंचवीस वेळा केला होता : आधी मेनशीट (शीड आत-बाहेर करणारी मुख्य दोरी) आणि किकर सोडायचे, मग डॅगरबोर्डच्या मुळाशी न थांबता अगदी टोकावर जायचे, आणि नाक वाऱ्याकडे वळेपर्यंत घाई करायची नाही. पालकांनी होडी घेण्याआधी ही परीक्षा किनाऱ्याजवळ घ्यावी. मुलाला तीनदा ओळीने होडी उभी करता आली नाही, तर शीड मोठे आहे असे समजावे. दुपारचा वारा असता तर मीही ४.७ वरच थांबले असते.

अलिबाग : वापरलेली होडी घेणाऱ्यांसाठी थोडेसे

जुन्या इल्काच्या डोलकाठीच्या खाचेत पाणी भरून दहा मिनिटे थांबावे. पाण्याची पातळी उतरली तर खाच आतून गळत आहे, आणि तिथेच जोराच्या वाऱ्यात डेक फाटतो. शक्य झाल्यास होडीचे वजन करावे. सांगाडा सुमारे ५९ किलोंचा असायला हवा, पण आत पाणी मुरलेल्या होड्या मी बऱ्याच जड झालेल्या पाहिल्या आहेत, आणि ४० किलोंच्या मुलाला ओहोटीच्या चिखलातून ट्रॉली ओढताना त्यातला प्रत्येक किलो जाणवतो.

धागाकर्ती, पुन्हा

आम्ही एप्रिलमध्ये झुकलेला खालचा तुकडा आणि ४.७ चे शीड वापरलेले मिळवले. पहिल्या दुपारी १३ नॉटच्या वाऱ्यात मुलगी दोनदा उलटली आणि दोन्ही वेळा बचाव नौका पोहोचण्याआधी स्वतःच वर आली. मोठे शीड गुंडाळून माळ्यावर ठेवले आहे. तिचे वजन आता ४६ किलो आहे, आणि ते शीड खाली कधी काढायचे हे तीच ठरवणार, असे आमचे ठरले आहे.