सांगलीत दहा-बारा हजारांत घरच्या स्टिरिओसाठी कोणता सीडी प्लेअर घ्यावा?

गावभाग, सांगली

नमस्कार. आमच्या घरी वडिलांनी १९८५च्या सुमारास घेतलेला भारतीय बनावटीचा स्टिरिओ ॲम्प्लिफायर आणि लाकडी खोक्यांचे दोन मोठे स्पीकर आहेत. २०१९च्या ऑगस्टमध्ये महापूर आला तेव्हा ते आम्ही वेळेत माडीवर नेले. परंतु खालच्या खोलीतील कपाटाच्या तळाशी असलेला सीडी प्लेअर आणि दीडशेच्या आसपास सीडी काही दिवस पाण्यात राहिल्या. प्लेअर गेला. सीडी आम्ही कशाबशा धुऊन, वाळवून खोक्यांत भरून ठेवल्या आहेत, मात्र आतील छापील कागद एकमेकांना चिकटून त्यांचा लगदा झाला.

वडील आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. मिरजेच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणाऱ्या संगीतसभेला ते तरुणपणापासून रात्र-रात्र बसत आले आणि त्यांचा सगळा संग्रह शास्त्रीय गायनाचा व नाट्यसंगीताचा आहे. सध्या ते फोनवर ऐकतात, पण ‘यात तानपुरा कुठे आहे तेच कळत नाही’ असे म्हणून दहा मिनिटांत बंद करून टाकतात.

मी दहा ते बारा हजार रुपये बाजूला ठेवले आहेत. नव्या, नावाजलेल्या प्लेअरच्या किमती याच्या बऱ्याच पुढे आहेत. एका दुकानदाराने भिंतीवर टांगायचा ब्लूटूथचा प्लेअर दाखवला, एका नातेवाइकांनी जुना जपानी प्लेअर मागवण्यास सुचवले, आणि शेजारचे काका म्हणतात की घरात पडून असलेला डीव्हीडी प्लेअर जोडला तरी काम भागेल. आणखी एक अडचण अशी की ॲम्प्लिफायरच्या मागे लाल-पांढऱ्या पिनांच्या जागा नाहीत, पाच छिद्रांची गोल सॉकेट आहेत. वडिलांना स्वतःच्या हाताने सीडी लावता आली पाहिजे, एवढी एकच माझी अट आहे. कृपया मार्गदर्शन करावे.

जवारी, मिरज

ताई, तुमच्या शेजारच्या काकांचे म्हणणे आधी करून पाहा, त्याला काहीच खर्च नाही.

आमच्या घरी तानपुऱ्यांची जवारी लावण्याचे काम चालते, त्यामुळे वडिलांची तक्रार मला नेमकी कळली. घोडीवर तारेखालचा दोरा केसाएवढा पुढे-मागे सरकवला की तारेचा आवाज एकदम उघडतो आणि एका तारेतून अनेक स्वर झळकू लागतात. ती झळक फोनच्या स्पीकरमधून थोडीफार तरी येते. परंतु खालचा खर्ज त्या बोटाएवढ्या स्पीकरला काढताच येत नाही. खर्ज गेला की झळक निराधार होते आणि ती नुसत्या किरकिरीसारखी ऐकू येते. म्हणजे वडिलांना जे हरवल्यासारखे वाटते ते तुमच्या माडीवरच्या लाकडी स्पीकरमधून परत येणार आहे. प्लेअर कोणता, हा प्रश्न त्यानंतरचा आहे.

सीडीवर आवाज सेकंदाला ४४,१०० नमुने आणि प्रत्येक नमुना १६ बिटचा, अशा आकड्यांत साठवलेला असतो. ते आकडे पुन्हा आवाजात बदलण्याचे काम आज साधी चिपसुद्धा चोख करते. मी आमच्या घरचा डीव्हीडी प्लेअर आणि एका गायक स्नेह्यांचा महागडा सीडी प्लेअर एकाच ॲम्प्लिफायरला जोडून, दोन्हींचा आवाज सारखा ठेवून, एकाच सीडीवरचा तानपुरा ऐकला आहे. मला फरक सांगता आला नाही, आणि माझे पोट कानांवरच चालते. डीव्हीडी प्लेअरच्या सेटिंगमध्ये सराउंड, इक्वलायझर, नाइट मोड असे जे काही असेल ते मात्र बंद करा; त्याने गाण्याची पट्टी बिघडत नसली तरी आवाजाचे वजन बिघडते.

भिंतीवर टांगायचा प्लेअर तुमच्या कामाचा नाही. त्यात स्वतःचे छोटे स्पीकर असतात आणि किमतीतला बराच भाग त्यांच्यापोटी जातो.

सोल्डर, विश्रामबाग

मी पंचवीस वर्षे टेप, ॲम्प्लिफायर आणि प्लेअर दुरुस्त करतो आहे. आवाजाच्या बाबतीत वरचे उत्तर मला मान्य आहे. सीडी प्लेअर निवडताना मी आवाजाकडे शेवटी आणि यंत्राकडे आधी पाहतो, कारण प्लेअर बंद पडतो तो लेन्स, मोटर, ट्रे किंवा रबरी बेल्ट यांच्यामुळे. ज्याचा लेन्स-पिकअप, म्हणजे सीडी वाचणारा लेसर आणि लेन्सचा सरकता भाग, आजही बाजारात मिळतो तो प्लेअर चांगला, मग त्यावर नाव कोणाचेही असो. सोनीच्या केएसएस-२१३ या मालिकेतील पिकअप अनेक कंपन्यांनी आपापल्या प्लेअरमध्ये वापरला आणि त्याचे पर्यायी पिकअप आजही मिळतात; म्हणून जुना प्लेअर घेण्यापूर्वी विकणाऱ्याला आतील पिकअपचा क्रमांक अवश्य विचारा.

जुना प्लेअर तपासायला जाताना दोन सीडी बरोबर न्या. एक कंपनीची छापील आणि सत्तर मिनिटांहून अधिक लांबीची, दुसरी घरी कॉपी केलेली. सीडी आतून बाहेर वाचली जाते. सुरुवातीला ती मिनिटाला सुमारे ५०० फेरे घेते आणि कडेपर्यंत जाताना वेग उतरत उतरत २०० फेऱ्यांवर येतो. पिकअप ज्या दांडीवरून सरकतो तिच्यावरचे ग्रीस वाळलेले असेल, तर पहिले गाणे व्यवस्थित वाजते आणि शेवटच्या गाण्याला प्लेअर अडखळतो. विकणारा नेहमी पहिलेच गाणे लावून दाखवतो. तुम्ही शेवटचे लावा आणि अर्धा तास थांबून, प्लेअर तापल्यावर, पुन्हा लावा. कॉपी केलेल्या सीडीवरून प्रकाश छापील सीडीपेक्षा कमी परततो, त्यामुळे लेसर थकलेला असेल तर प्लेअर आधी तिथेच नकार देतो. सीडी आत गेल्यावर गाण्यांची संख्या दिसायला खूप वेळ लागत असेल, किंवा सीडी थांबून पुन्हा पुन्हा फिरत असेल, तर तो प्लेअर स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

हीच परीक्षा घरच्या डीव्हीडी प्लेअरचीही घ्या. डीव्हीडीचा लेसर ६५० नॅनोमीटरचा आणि सीडीचा ७८० नॅनोमीटरचा असतो. अगदी सुरुवातीच्या काही डीव्हीडी प्लेअरमध्ये दोन्हींसाठी वेगळे लेसर नव्हते आणि त्यांना कॉपी केलेल्या सीडी वाचता येत नसत. नंतरच्या प्लेअरना ही अडचण येत नाही.

आता गोल सॉकेटविषयी. त्याला डिन सॉकेट म्हणतात आणि त्या काळातल्या अनेक ॲम्प्लिफायरना तेच असायचे. टेपसाठी असलेल्या सॉकेटात ३ आणि ५ या पिनांवरून आवाज आत जातो, १ आणि ४ वरून रेकॉर्डिंगसाठी बाहेर येतो आणि मधली २ ही ग्राउंडची असते. बाजारातल्या काही तयार वायरी १ आणि ४ वर जोडलेल्या असतात. अशी वायर लावली की काहीच वाजत नाही आणि लोक ॲम्प्लिफायर बिघडला असे समजतात. फोनो लिहिलेल्या सॉकेटात सीडी प्लेअर कधीही जोडू नका, कारण ती जागा रेकॉर्ड प्लेअरच्या अतिशय क्षीण आवाजासाठी असते आणि तिथे खालचे स्वर मुद्दाम वाढवलेले असतात.

एवढे करूनही आवाजाचे बटण जरा फिरवताच खोली भरत असेल आणि तार सप्तकातला स्वर फाटल्यासारखा येत असेल, तर घाबरू नका. सीडी प्लेअर साधारण २ व्होल्टपर्यंत सिग्नल देतो आणि त्या काळातल्या डिन सॉकेटची अपेक्षा त्याच्या कितीतरी कमी असते. वायरीच्या प्लगमध्ये प्रत्येक बाजूला ४७ किलोओहमचा रेझिस्टर मालिकेत आणि १० किलोओहमचा ग्राउंडकडे जोडला की सिग्नल साधारण सहाव्या हिश्शावर येतो. हे काम कोणताही कारागीर थोड्या वेळात करून देईल. ॲम्प्लिफायर बरीच वर्षे बंद असेल तर त्याच वेळी आतील मोठे कपॅसिटर तपासून घ्या. चाळीस वर्षांत ते सुकतात आणि स्पीकरमधून सतत गुणगुण येऊ लागते. तुमच्या पैशांतला पहिला भाग मी या कामावर खर्च केला असता.

अजिंक्यतारा, सातारा

डीव्हीडी प्लेअरबद्दल दोन गोष्टी कोणी लिहिल्या नाहीत, आणि वडिलांच्या दृष्टीने त्याच महत्त्वाच्या आहेत. बऱ्याच डीव्हीडी प्लेअरवर गाण्याचा क्रमांक समोर दिसत नाही, तो पाहण्यासाठी टीव्ही लावावा लागतो. माझ्या सासऱ्यांना तिसरे गाणे लावण्यासाठी आधी टीव्ही सुरू करावा लागे, आणि शेवटी त्यांनी गाणी ऐकणेच सोडले. दुसरे असे की मैफलीच्या ध्वनिमुद्रणात विलंबित ख्याल एका ट्रॅकवर आणि द्रुत पुढच्या ट्रॅकवर असतो. खरा सीडी प्लेअर तिथून अखंड पुढे जातो, पण काही डीव्हीडी प्लेअर त्या सांध्यावर क्षणभर गप्प होतात. रंगलेल्या बैठकीत नेमका समेवर आवाज तुटला की ऐकणाऱ्याचा जीव कासावीस होतो.

म्हणून मी जुना प्लेअर घेतला, आणि त्यात एकदा चांगलाच पोळलो. एका विक्रेत्याकडून जपानी बाजारासाठी बनलेला सुरेख प्लेअर आणला आणि घरी येताच भिंतीच्या सॉकेटला लावला. जपानमध्ये वीज १०० व्होल्टची असते, आपल्याकडे २३०ची. आतून एक बारीक फट असा आवाज आला, जळक्या वार्निशचा वास खोलीभर पसरला आणि ट्रान्सफॉर्मर गेला. मागच्या पत्र्यावर १०० व्होल्ट असे स्पष्ट लिहिलेले होते. विक्रेत्याने सांगितले नाही आणि मी वाचले नाही. आपण घ्याल तो प्लेअर २२०, २३० किंवा २४० व्होल्टचाच आहे याची खात्री पैसे देण्यापूर्वी करावी. त्यानंतर पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात चौकशी करत मी २३० व्होल्टचा एक साधा प्लेअर मिळवला, तो आजही उत्तम चालतो आहे.

पुढे कधी बजेट वाढवता आले तर यामाहाचा सीडी-एस३०३ किंवा डेनॉनचा डीसीडी-६००एनई असे नवे प्लेअर आहेत. दोन्ही एमपी३च्या सीडीही वाजवतात. जुन्या प्लेअरपैकी अनेकांना एमपी३ वाचता येत नाही, तेव्हा आपल्या संग्रहात साठ-सत्तर गाण्यांच्या सीडी असतील तर हा मुद्दाही विचारून घ्यावा.

गावभाग, सांगली

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. रविवारी डीव्हीडी प्लेअर माडीवर नेला. पहिली वायर लावली तेव्हा खरोखरच काही वाजले नाही; दुसरी आणली तेव्हा आवाज आला. वडील जिन्यात उभे होते, तिथेच कठड्याला धरून पहिला ख्याल संपेपर्यंत उभे राहिले. तानपुरा ऐकू येतो आहे. परंतु गाणे बदलण्यासाठी टीव्ही लागतो ही अडचण आमच्याकडेही आहे, कारण माडीवर टीव्हीच नाही. म्हणून समोर मोठे आकडे दिसणारा जुना सीडी प्लेअर घ्यायचे आम्ही ठरवले आहे; व्होल्टेज, पिकअपचा क्रमांक आणि शेवटचे गाणे या तीन गोष्टी वहीत लिहून घेतल्या आहेत.

एक शंका राहिली. पुरातल्या सीडींवर अजून गाळाचा धूसर थर आहे. जाड कापडाने पुसल्या तर चालतील का?

सोल्डर, विश्रामबाग

कोरड्या कापडाने मुळीच पुसू नका. कृष्णेचा गाळ हातात मऊ लागतो, पण त्यात बारीक वाळू असते आणि घासताना ती सीडीवर ओरखडे काढते. आधी सीडी नळाच्या बारीक धारेखाली धरा, मग भांड्यांच्या साबणाचा एक थेंब बोटावर घेऊन हलक्या हाताने फिरवा, पुन्हा धुवा आणि मऊ सुती कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत टिपून घ्या. गोल गोल पुसायचे नाही. सीडीवरची माहिती गोलाकार मार्गाने लिहिलेली असते, त्यामुळे मार्गाला आडवा ओरखडा प्रत्येक फेऱ्यातले थोडेसेच खातो आणि प्लेअर ते भरून काढतो. मार्गाच्याच दिशेने गेलेला ओरखडा अडीच मिलिमीटरच्या पुढे गेला की भरून काढणे अवघड होते.

छापलेल्या बाजूला अधिक जपा. चकतीची जाडी १.२ मिलिमीटर असली तरी चंदेरी थर अगदी वर, त्या छपाईच्या लगेच खाली असतो. धुतल्यावर प्रत्येक सीडी बल्बसमोर धरून पाहा. कडेपासून आत गेलेले डाग किंवा सुईच्या टोकाएवढी प्रकाशाची भोके दिसली, तर तिथे ॲल्युमिनियम खाल्ले गेले आहे. अशा सीडी बाजूला काढा आणि वाचतील तेवढ्या आधी संगणकावर उतरवून घ्या. घरी कॉपी केलेल्या सीडीही त्यांच्याबरोबर ठेवा, कारण त्यांच्यातला रंगाचा थर उन्हाने आणि उष्णतेने फिका पडतो. तुमच्या दीडशे सीडी मूळ गुणवत्तेत फार तर शंभर जीबीच्या आसपास जातील आणि फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजाची गुणवत्ता न घालवता फाइल लहान करणाऱ्या प्रकारात, त्याच्या निम्म्याहून थोड्या अधिक जागेत मावतील.

गाळ असलेली एकही सीडी नव्या प्लेअरमध्ये घालू नका. लेन्सवर बसलेला गाळ काढायला मग प्लेअर माझ्यासारख्याकडे उघडावा लागतो. वायरीतले रेझिस्टर लावून घ्यायचे राहिले असतील तर संध्याकाळी सहानंतर ॲम्प्लिफायर घेऊन कोणत्याही ओळखीच्या कारागिराकडे जा, आणि जाताना स्पीकरच्या वायरी कोणत्या जागी लावल्या होत्या त्याचा फोटो काढून ठेवा.