फर्नेसचा हाय लिमिट स्विच: १६० च्या जागी १८० चालेल का?

प्रश्न
घर गरम करणाऱ्या गॅस फर्नेसचा बर्नर पेटतो, पाचेक मिनिटं नीट चालतो आणि विझतो. ब्लोअर (हवा ढकलणारा पंखा) फिरतच राहतो. थोड्या वेळाने बर्नर परत पेटतो. बोर्डावरच्या दिव्याचा कोड दारामागच्या तक्त्यात 'लिमिट स्विच उघडा' असा लागतो. स्विचवर एल १६०-३० छापलंय, मला १८० चा सहज मिळतोय. तो लावू का? आणि बदलायचा कसा?

उत्तर १
१८० चा अजिबात लावू नका. हा स्विच हवा फार तापली की बर्नर बंद करतो. तुमचा स्विच १६० अंश फॅरनहाइटला (साधारण ७१ सेल्सिअस) तुटतो, म्हणजे सर्किट उघडतो, आणि ३० अंश उतरल्यावर, म्हणजे १३० च्या आसपास, परत जुळतो. हा आकडा त्या मॉडेलच्या हीट एक्स्चेंजरला (ज्वाळेची उष्णता हवेला देणारा पत्र्याचा भाग) धरून ठरवलेला असतो. तो वाढवला की पत्रा रोज जास्त तापणार आणि कालांतराने तडकणार. मग कार्बन मोनॉक्साइड घरातल्या हवेत येऊ शकतो.

शिवाय तुमचा स्विच गेलाय असं मला वाटत नाही. मेलेला स्विच बहुधा परत जुळतच नाही, मग बर्नर पेटणारच नाही. तुमचा तुटतोय आणि जुळतोय, म्हणजे हवा कमी पडतेय. आधी फिल्टर बघा, मग बंद ठेवलेल्या हवेच्या जाळ्या, ब्लोअरच्या पात्यांवरची धूळ, मोटरचा कपॅसिटर.

उत्तर २
वरच्याशी सहमत, तरी तपासून घ्या. वीज आणि गॅसचा कॉक दोन्ही बंद करा, फर्नेस गार होऊ द्या. दोन्ही वायरी काढताना वायर नको, क्लिप पकडून ओढा. मल्टिमीटर ओहमवर लावा: गार स्विचने जवळपास शून्य दाखवायला हवं. जोडणीच दाखवली नाही (सर्किट तुटलेलं दिसलं) तर स्विच गेला. आकडा नाचत असेल किंवा काही ओहम येत असतील तर आतले कॉन्टॅक्ट जळालेत, तेव्हाही बदलाच.

बदलायला दोन स्क्रू आणि दोन क्लिपा, एवढंच काम. प्रोबची (स्विचच्या आत शिरणाऱ्या दांड्याची) लांबी जुन्याइतकीच हवी. आखूड प्रोब गरम हवेच्या झोतात पोचत नाही आणि स्विच उशिरा तुटतो. वायर कुठली कुठे हा प्रश्न नाही, पण सैल क्लिप पक्कडीने किंचित दाबून घ्या, सैल जोड तापून काळा पडतो. आणि दोन वायरी एकमेकींना जोडून फर्नेस चालवायचा नाही, एका रात्रीपुरतासुद्धा नाही.

उत्तर ३
फर्नेसच्या पट्टीवर 'टेंपरेचर राइज'ची मर्यादा असते, समजा ३५ ते ६५ फॅरनहाइट. दहा-पंधरा मिनिटं चालल्यावर जाणाऱ्या आणि परतणाऱ्या हवेतला फरक मोजा. फिल्टर स्वच्छ असूनही फरक मर्यादेच्या वर गेला तर ब्लोअरचा वेग कमी आहे किंवा गॅसचा दाब जास्त. दाबाचं काम गॅसच्या तंत्रज्ञाकडेच द्या.

बर्नरजवळचा, बटण दाबून रीसेट करायचा स्विच वेगळा, तो रोलआउट. तो उडाला तर ज्वाळा बाहेर आली होती. बटण दाबून पुढे जाऊ नका, गॅस बंद करून तंत्रज्ञाला बोलवा.

प्रश्नकर्ता
स्विच शून्य दाखवतोय. फिल्टर काढून थोडा वेळ चालवला, बर्नर एकदाही विझला नाही. फिल्टर दाट घड्यांचा, एक इंची आहे.

उत्तर १
मग स्विच तसाच राहू द्या. फिल्टरशिवाय चालवू नका, कमी अडवणारा फिल्टर घाला. दाटच हवा असेल तर चार इंची बसवायची सोय करून घ्या, पृष्ठभाग वाढतो म्हणून हवा कमी अडते. फिल्टरवरचा बाण ब्लोअरकडे ठेवा.